नसीमखाला आणि चारशे घोड्यांची गाडी

गिऱ्हाईकाने एखादा पार्ट मागितला की नसीमखाला आधी दोन्ही हात काउंटरखाली न्यायची. हात वर आले की समजायचं, आता वस्तू मिळणार. तोवर फक्त प्रश्न. गाडी कुठली, चालवतो कोण, आधीचा पार्ट किती दिवस टिकला, कशाने गेला. घाईतली माणसं वैतागायची. ती म्हणायची, "तू घाईत हाईस, तुझी गाडी नाय. बस जरा."

महाडला हायवेलगत तिचं स्पेअर पार्टचं दुकान. तिचा नवरा शारजाला गाड्यांची ताकद वाढवून देणाऱ्या गॅरेजात कामाला होता. तो तिकडून कॅटलॉग पाठवायचा आणि फोनवर तासतासभर इंजिनं समजावून सांगायचा. इतर बायकांना नवऱ्यांकडून अत्तरं आली, हिला टर्बो आला, असं तिच्या जावा म्हणत. नवरा वारला, पण ती विद्या तिच्याकडे राहिली. गंमत म्हणजे तिला साधी स्कूटरही चालवता येत नव्हती.

एकदा काळ्या काचांच्या गाडीतून एका बड्या ठेकेदाराचा मुलगा उतरला आणि सगळ्यात भारी फ्युएल रेग्युलेटर मागवून द्या म्हणाला. खालाने विचारलं, पंप ताशी किती लिटरचा? तो म्हणाला, ते तुम्हाला कशाला, सगळ्यात भारी द्या. खालाचे हात खालीच. "भारी पायजे तर पाटा-वरवंटा ने," ती म्हणाली. त्याच्या मागे डिझेलचा फिल्टर घ्यायला कापडे गावचा एक टेंपोवाला उभा होता. त्यालाही तिने तितकेच प्रश्न विचारले, तितक्याच अदबीने. त्याने उत्तरं दिली आणि फिल्टर घेऊन गेला. ठेकेदाराचा मुलगा रिकाम्या हाताने गेला.

मी त्या दिवशी खालाच्या प्रेमात पडले. आमच्या घरात समता हा शब्द मी बाबांनी छापलेल्या पत्रकांत वाचत मोठी झाले. मार्चमध्ये चवदार तळ्यावर ती पत्रकं वाटत फिरले, पुढे स्वतः लिहूही लागले. पण समता रोज सकाळी शटर उघडून काउंटरमागे बसलेली असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझं एक पत्रक मात्र खालाला मुळीच आवडलं नव्हतं. शौकासाठी पेट्रोल जाळणाऱ्यांच्या विरोधात मी चार पानं लिहिली होती. तिने ती चष्मा लावून वाचली, घडी घातली आणि विचारलं, "तुझ्या भावाला वाचायला दिलंस काय गो?"

दिलं नव्हतं. माझा भाऊ विशू एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात फिटर होता. रोज संध्याकाळी डोळे लाल करून यायचा, आणि मग पोलादपूरच्या पुढे कापड्याला, मामाच्या भाताच्या खोपटात उभ्या असलेल्या त्याच्या गाडीकडे जायचा. भंगारात निघालेली, पुरात बुडालेली एक जुनी पेट्रोल गाडी. दोन वर्षं खपून त्याने तिचं इंजिन नवं बांधलं आणि त्यावर जास्त हवा रेटणारा मोठा टर्बो बसवला. पुण्यात अशाच गाड्या तयार करणारं एक वर्कशॉप होतं. त्याच्या मालकाने विशूला सांगितलं होतं, गाडी घेऊन ये, माझ्या ताकद मोजायच्या रोलरवर चारशे घोडे दाखव, इंजिन शाबूत राहिलं तर लगेच कामावर ये. विशूला कारखान्यातून बाहेर पडायचा तेवढा एकच रस्ता दिसत होता. माझं पत्रक त्या रस्त्यावर आडवं पडलं असतं, म्हणून मी ते घरी दाखवलंच नाही.

सगळं जमलं होतं, पेट्रोलचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर तेवढा राहिला होता. विशू खालाकडे आला तेव्हा मीही सोबत होते. खालाचा भाचा इरफान सुट्टीवर शारजाहून येणार होता, आणि त्याच्या सामानातून ती वस्तू येणार होती. आमच्याकडे हे असंच चालतं. पण त्यात एक मेख असते. बॅगेतून आलेली वस्तू परत जात नाही. इरफान पुन्हा येणार दोन वर्षांनी. शिवाय वापरून बघितलेला, पेट्रोलचा वास लागलेला पार्ट विमानात चढू देत नाहीत. म्हणजे इथे बसून, एकदाच, बरोबर निवडायचं.

विशूला हजार घोड्यांचा हवा होता. लाल, चकचकीत, मुठीएवढा. खाला म्हणाली, "हजार घोडे हायत तुझ्याकडे? चारशेच ना? मग सहाशेंची दावण कुणासाठी बांधतोस?" एवढा मोठा रेग्युलेटर थोड्या पेट्रोलवर दाबाचा काटा स्थिर ठेवू शकत नाही, तिने सांगितलं. मग प्रश्न सुरू झाले. पंप? ताशी तीनशे चाळीस लिटर. टर्बो हवा किती रेटतो? एक पूर्णांक दोन बार. मग पेट्रोलचा दाबही तेवढाच वर चढला पाहिजे, एकास एक, नाहीतर भर वेगात इंजिनाला पेट्रोल कमी पडणार आणि पिस्टन वितळणार. त्यामुळे टर्बोच्या हवेची नळी जोडता येईल असाच रेग्युलेटर हवा.

आणि परत किती जातं, तिने विचारलं. मला काही कळलं नाही. तिने छपरावरच्या पाण्याच्या टाकीकडे बोट केलं. पंप सारखा ओतत राहतो, इंजिन पायजे तेवढंच पितं, उरलेलं परत पेट्रोलच्या टाकीत जातं. ओव्हरफ्लोचा पाईप बारीक असला तर वरची टाकी फुगते. मला यात लगेच एक घोषणा दिसली आणि मी ती बोलूनही दाखवली. खाला म्हणाली, घोषणा राहू दे, आणि विशूकडे वळली. "परतीचा पाईप या टोकापासून त्या टोकापर्यंत साफ केलायस?"

"केलाय," विशू म्हणाला.

खालाने दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी तिचे हात वर आले आणि तिने इरफानला कॅटलॉगातला एक नंबर कळवला.

इरफान आला. दुधाच्या पावडरीचे डबे, ब्लँकेट आणि बहिणीच्या इस्त्रीखालून एक छोटा काळा रेग्युलेटर निघाला. विशूचं तोंड पडलं, पण त्याने तो बसवला. पुण्याला जायला आठवडा उरला होता. गाडी चालू केली आणि गेजचा काटा पाच बारवर जाऊन बसला. तो तीनवर हवा होता. विशूने रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल केला. काटा हलेना. विशू खोपटाच्या उंबऱ्यावर बसून राहिला. खालाने चुकीचा मागवला, एवढंच बोलला.

मला तेवढं पुरलं. मी पुढची बस धरून महाडला आले आणि दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, खालाला सुनावलं. गरिबाच्या पोराला एकच संधी मिळते, ती तुमच्या कॅटलॉगाच्या हौसेने घालवली, असं काय काय. चांगलं पाच मिनिटं बोलले. गिऱ्हाईकं ऐकत राहिली. खालाने मला पाणी दिलं, मी पिईपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "बोलतेस झकास. आता सांग, परतीच्या पाईपात फुंकर मारून बघितली कुणी?"

मी तिथूनच विशूला फोन लावला. तो म्हणाला, बाहेरून धुतला होता. खालाने फोन हातात घेतला आणि पाईप दोन्हीकडून सोडवायला, फुंकायला सांगितलं. अर्ध्या तासाने फोन आला तेव्हा विशू हसत होता की रडत होता ते कळेना. भंगारवाल्याने पेट्रोलची टाकी पुराआधीच काढून विकली होती आणि गाडी उघड्या पाईपांनिशी पुरात पडून राहिली होती. पाईपातून सुकलेल्या गाळाची बोटभर लांब कांडी निघाली होती; उरलेल्या पेट्रोलला परत जायला वाटच नव्हती. पूर ओसरल्यावर आम्ही महाडकरांनी भांडी धुतली, भिंती धुतल्या, फोटो उन्हात वाळवले, विशूने तर त्या गाडीचा एकेक बोल्ट धुतला. परतीचा पाईप मात्र राहिला. तो धुतल्यावर काटा तीनवर आला आणि तिथेच थांबला.

मी माफी मागायला लागले तर खाला म्हणाली, माफी नको, पुण्याला मी येणार.

पुण्यात रोलरवर गाडी बांधली गेली. विशूने पायडल हळूहळू, नीट दाबलं. सगळे ताकदीचा आकडा दाखवणाऱ्या पडद्याकडे बघत होते. खाला एकटी, बुरख्याचा काठ मुठीत धरून, पेट्रोलच्या गेजकडे बघत होती. टर्बोची शीळ चढत गेली तसा काटा तीनवरून सरकत सरकत चार पूर्णांक दोनवर गेला. जरासुद्धा लटपटला नाही. चारशे सात, कुणीतरी ओरडलं. मालकाने तीनदा गाडी पळवून पाहिली, इंजिन उघडून तपासलं आणि विशूला विचारलं, सोमवारी येशील का? विशूने लगेच मान डोलावली.

विशू गाडीपाशी थांबला. मी आणि खाला एसटीने निघालो. पुणे मागे पडलं तशी ती सीटवर मागे रेलली आणि म्हणाली, "एक सांगू? दोन नंबर होते. त्यातला कुठला, ते मला शेवटपर्यंत नक्की नव्हतं. दोन दिवस जेवण गेलं नाय."

मी म्हणाले, खाला, एवढे प्रश्न विचारून?

"मला येत नाय म्हणून तर विचारते गो. सगळं येतं त्याला कशाला विचारायची गरज?"

याच्यावर मला खूप काही बोलता आलं असतं. पण तो दुसरा नंबर कुठला होता आणि त्याने काय बिघडलं असतं, एवढंच मी विचारलं. खालाचे डोळे लकाकले. तिने पिशवीतून चष्मा काढला आणि तिकिटाच्या मागच्या बाजूला रेग्युलेटरच्या आतला पडदा, स्प्रिंग आणि नळ्या रेखाटायला घेतल्या. घाट उतरलो तेव्हा ती स्प्रिंगपर्यंत आली होती. महाडच्या स्टँडवर कंडक्टरने उतरा म्हटलं तेव्हा तिने त्याच्याचकडे कागदाचा आणखी एक कपटा मागितला.