संत पेत्राचं पदक

२९ जून, संत पेत्राचा सण. सकाळी भट्टी आतून झाडायला घेतली. तापून गार झालेल्या विटांचा कोरडा वास नाकात गेला आणि मला बोईसरची जुनी खोली आठवली, जिथे माझी पहिली भट्टी लागली.

तेव्हा मी कारखान्यात विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर तपासायचे. त्याच मातीचे दागिने करून पोट भरेल का, ते एका पदकावर ठरणार होतं. शेजारच्या फिलोमावशींनी लेकीच्या लग्नासाठी संत पेत्राचं, म्हणजे येशूचा शिष्य सेंट पीटरचं, पदक सांगितलं होतं.

भट्टीतून पदक अखंड निघालं, पांढरंशुभ्र. नखाने वाजवलं तर खणखणीत वाजलं. मावशींनी ते डोळ्यांजवळ नेलं. संताचा चेहरा सुचेना म्हणून मी मावशींच्या सासऱ्यांचाच चेहरा कोरला होता, वर त्यांची कोळ्याची टोपीही.

"अगं, ह्यो त माजा सासरा हाय!"

"दुसरं करून देते, मावशी."

"खुळी का तू? पेत्र पन मच्छीच मारायचा ना? चर्चमदल्या मूर्तीतला तो गोरा म्हातारा कदी होडीत बसला आसंल का? करवल्यांना पन आसंच कर!"

तेव्हा वाटलं, थोडक्यात निभावलं. आज माझ्या प्रत्येक संताला ओळखीतला चेहरा असतो आणि गिऱ्हाइकं त्यासाठीच पालघर-सफाळ्याहून येतात.

मावशींनी पदक नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या पाळीला गेले, राजीनामा दिला आणि परतताना पांढऱ्या मातीच्या दोन गोण्या विकत घेऊन रिक्षात घातल्या.