तिबिलिसीसाठी घेतलेले कोट

कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मला सौदीतल्या अल-खोबरच्या फ्लॅटमधला तो दमट ऑक्टोबर आठवतो. हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघं जॉर्जियाला जाणार होतो. बेत आखून दिला होता माझ्या हाताखाली तयार होत असलेल्या सौदी इंजिनियरने: मुक्काम तिबिलिसी शहरात करायचा, तिथली हॉटेलं स्वस्त, आणि रोज सकाळी गाडी करून डोंगरावर स्कीइंगला जायचं. सौदीचा इकामा, म्हणजे नोकरीवर मिळणारा तिथला राहण्याचा परवाना, असला की आम्हा भारतीयांना तिथला व्हिसाही लागत नव्हता. त्या दुपारी ऑफिसात कळलं, की माझी जागा आता त्यालाच मिळणार आणि मला फायनल एक्झिट, देश कायमचा सोडायचा. म्हणजे इकामा गेला, त्याच्यासोबत जॉर्जियाही. घरी आलो तर एसी सोळावर ठेवून बायको आणि मुलगी नवे जाड कोट घालून, पायांत मोजे चढवून हॉलच्या फरशीवर घसरत होत्या. "दार लावा आधी, बर्फ वितळेल!" बायको ओरडली. मी दार लावलं आणि तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. "बाबा, युवर टर्न!" मुलगी हाका मारत होती. बायकोने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग आतून माझा कोट आणून हातात दिला. "घाला," ती म्हणाली, "तिचं खेळून होऊ दे." मी कोट घातला आणि घसरलो. आता आम्ही नाशिकला असतो. बर्फ तिघांपैकी कुणीच अजून पाहिलेला नाही. कोटांमधल्या डांबरगोळ्या मात्र मी दर दिवाळीत बदलतो.