पासवर्ड बरोबर हाय, तरी आत घेईना!

किस्से म्हणे जमवावे लागतात. आमच्याकडं ते लॉगमध्ये, म्हणजे मशिनीच्या नोंदवहीत, आपोआप साठतात! सोमवारी सकाळी लॉगची फाईल उघडावी, तर त्यात एकच ओळ शेकडो वेळा, "पासवर्ड चुकीचा आहे." आणि त्या प्रत्येक ओळीमागं आमच्यापैकी कुणीतरी गळ्याला चिमटा काढून शपथेवर सांगत असतं, "पासवर्ड बरोबरच हाय!"

आमचं ऑफिस केजला. खाली महारुद्रआप्पांचं सिमेंट-लोखंडाचं दुकान, वर त्यांचीच सॉफ्टवेअर कंपनी. "खाली हार्डवेअर, वर सॉफ्टवेअर," हा विनोद आप्पा प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात आणि स्वतःच हसतात. वर आम्ही तिघं. मी सुनीता, पुण्याची नोकरी सोडून गावाकडं आलेली. विठ्ठल, नांदूरघाटचा, कोड लिहिणारा. आणि सर्व्हर सांभाळणारे सलीमभाई. त्यांच्या घरात आजोबांपासून जळालेल्या पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं काम.

आमचं काम समजायला सोपं आहे. ॲप कंटेनरात, म्हणजे एका बंद डब्यात भरायचं. असे डबे पाच-सहा मशिनींवर मिळून चालवायचे, त्याला क्लस्टर म्हणतात. डेटाबेस, म्हणजे सगळ्या माहितीचं कोठार, वेगळा बसलेला. डब्यानं उठल्याउठल्या डेटाबेसच्या दारात जाऊन पासवर्ड सांगायचा. चुकला की डबा जागीच मरतो. क्लस्टर त्याला परत जिवंत करून त्याच दारात उभं करतं. दर वेळी हाकलला जाऊनही पुन्हा तिकीट मागायला जाणारा पुढारी आमच्याकडं कुणाला नवा नाही. त्यामुळं ही भानगड आप्पांना पहिल्याच दिवशी समजली.

* * *

एकदा आप्पांनी पेपरात वाचलं, पासवर्डमध्ये एखादं चिन्ह पाहिजेच. लगेच हुकूम निघाला, "डेटाबेसचा पासवर्ड मी ठरवणार." ठरवला, इंग्रजीतून 'आप्पा@केज'.

ॲप काही केल्या चालू होईना. झालं असं, की ॲपला जी पत्त्याची ओळ देतात तिच्यात आधी पासवर्ड, मग @, मग सर्व्हरचं नाव. ॲपनं पहिलाच @ बघितला आणि त्याच्या पुढचं सगळं सर्व्हरचं नाव समजून ते निघालं.

विठ्ठल म्हणाला, "आप्पा, ॲप आपला सर्व्हर सोडून केज शोधायलंय."

आप्पा खुर्चीतून म्हणाले, "मग सापडंना कावून? आपण केजातच तर बसलोय!"

* * *

एका कॉलेजचं प्रवेशाचं ॲप होतं. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, पोरं खिडकीपाशी उभी, आणि डबा दारातून परत परत हाकलला जातोय. मी आणि सलीमभाईंनी पासवर्डाचं एकेक अक्षर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. चार वेळा. बरोबर! प्राचार्यांचा फोन दर दहा मिनिटांनी.

शेवटी कळलं. ज्या फाईलमधून पासवर्ड क्लस्टरला दिला, तिथं कुणीतरी शेवटी एंटर दाबला होता. तो एंटरसुद्धा पासवर्डात गेला! दिसत तर काहीच नाही.

सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. "मॅडम, मोटार जळली तर वास तरी येतो. ह्याला वासबी न्हाई!"

प्रवेश झाले सगळे. तो एंटर कुणी दाबला होता ते मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मीच दाबला होता.

* * *

दुधाच्या फॅटवरून, म्हणजे स्निग्धांशावरून, भाव लावणारं दूध संकलनाचं ॲप आम्ही केलं तेव्हा विठ्ठलनं एका संध्याकाळी डेटाबेसचा पासवर्ड बदलला. ॲपला सांगायचा विसरला. तरी ॲप मजेत चालू! कारण ते आधीच आत जाऊन बसलं होतं, बसलेल्याला कोण विचारतो? आप्पांनी तर लगेच जाहीर केलं, "आपलं ॲप इतकं मजबूत हाय की त्याला पासवर्डच लागत न्हाई!"

सकाळी सर्व्हर एकदा बंद होऊन चालू झाला, ॲप बाहेर फेकलं गेलं, आणि मग आत घेईना. केंद्रावर कॅनांची रांग, ऊन चढतंय, दूध नासायची भीती. केंद्र सांभाळणारा विठ्ठलचा सख्खा मामा. तो फोनवर जे बोलला ते छापण्यासारखं नाही.

रांगेत एक म्हातारी होती. ती मामाला म्हणाली, "तुमच्या मशिनीला पासवर्ड ध्यानात ऱ्हात न्हाई. मला माझ्या म्हशीच्या दुधाचं फॅट तोंडपाठ हाय. सहा पॉइंट दोन. घे लिहून!"

मामानं वही काढली. रांग सरकली, दूध वाचलं. तेवढ्यात विठ्ठलनं ॲपला नवा पासवर्ड दिला, ते चालू झालं, म्हातारीचं दूध मशिनीवर लावलं. आलं सहा पॉइंट एक.

म्हातारी कॅन उचलून म्हणाली, "अजून बिघडलेलंच हाय ते!"

* * *

मी एकदा नांदूरघाटहून जीपनं केजला येत होते. आत चौदा माणसं, माझ्या मांडीवर कुणाचं तरी लेकरू. सलीमभाईंचा फोन आला. क्लस्टर बंद पडलंय, नवा पासवर्ड फक्त मलाच माहिती. गाडीच्या आवाजात काही ऐकू जाईना. मग मी ओरडून एकेक अक्षर सांगितलं. "कॅपिटल एम! मग शून्य! मग आर!"

"न्हाई चाललं, परत सांगा!"

मी परत सुरू केलं. समोरच्या सीटवरचे फेटेवाले काका पुढं वाकले आणि माझ्या गुडघ्यावर टकटक करून म्हणाले, "ताई, मघाशी शून्य म्हणलता. आता ओ म्हणायलात."

* * *

एका बियाणेवाल्याचं जुनं सॉफ्टवेअर आमच्याकडं आलं. बनवणारा माणूस परदेशात, पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. आम्ही त्याच्या गावाचं नाव टाकलं, कुलदैवत टाकलं, बायकोचं टाकलं, सगळ्यांच्या पुढं एक-दोन-तीन लावून बघितलं. न्हाई!

दुसऱ्या दिवशी विठ्ठलनं घाईत मदत-पुस्तिकेतली नमुन्याची ओळ आहे तशीच चिकटवली. तिच्यात पासवर्डच्या जागी लिहिलं होतं, 'इथे पासवर्ड टाका'. डेटाबेसनं दार उघडलं!

आम्ही तिघं ती ओळ परत परत वाचत बसलो. आप्पा तेवढे खूश. "तो बनवणारा लई सरळ माणूस बरं का. सांगितलं तेवढंच केलं!"

* * *

आणि मंगलताईंचं वधू-वर सूचक केंद्र. त्यांचा डेटाबेसही डब्यातच, त्याचा पासवर्ड बदलायचा होता. विठ्ठलनं फाईलमध्ये नवा लिहिला, डेटाबेसचा डबा पाडून नवा उभा केला. आत घेईना. अकरा पासवर्ड झाले. आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, की डेटाबेस ती फाईल पहिल्यांदा, डिस्क कोरी असतानाच वाचतो. पुढं डिस्कवर असलेला जुनाच धरून बसतो.

शुक्रवार होता. सलीमभाई नमाजला गेलते. विठ्ठलचं डोकं फिरलं. म्हणाला, "डिस्कच उडवतो!" उडवली. नवा पासवर्ड टाकला आणि पहिल्या झटक्यात आत!

"घेतलं, ताई, घेतलं!" तो खुर्चीवरून उठून नाचायला लागला.

मी ॲप उघडलं. एकूण स्थळं, शून्य.

सलीमभाई आले, स्क्रीन बघितली, टोपी काढून टेबलावर ठेवली. "बे विठ्ठल, तू सगळ्या तालुक्याचं लगीन मोडलंस."

मंगलताई आल्या आणि जिन्याच्या पायरीवरच बसल्या. "सहा वर्षं घरोघर फिरले रे मी," एवढंच म्हणाल्या. विठ्ठलला मान वर करता येईना. सलीमभाईंनी शोधून शोधून एक बॅकअप काढला, चौदा महिन्यांपूर्वीचा. पुढची सगळी नवी स्थळं विठ्ठलनं तीन दिवस त्यांच्या घरी बसून कागदांवरून टाईप केली. ताईंनी दोन्ही वेळा जेवू घातलं त्याला.

पण एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. त्या चौदा महिन्यांत ज्यांची लग्नं झाली होती, ते सगळे बॅकअपमध्ये परत बिनलग्नाचे झाले! आणि ॲपनं त्यांना आपणहून मेसेज पाठवले, "तुमच्यासाठी चार योग्य स्थळं."

त्यानंतरच्या सोमवारी पहिला फोन मीच घेतला. पलीकडं एक गृहस्थ. मागं कुकरची शिट्टी.

"माझं नाव यादीत परत आलंय," ते म्हणाले. "मागच्या वर्षीच लग्न झालंय माझं."

"माफ करा दादा, आमची चूक झाली. आत्ता काढते."

"थांबा थांबा!" त्यांनी आवाज एकदम खाली आणला. कुठंतरी दार लावल्याचा आवाज आला. "काढा म्हणून फोन न्हाई केला, ताई. फोटो लई जुना हाय. तेवढा बदलता यील का?"