नानांचा वरच्या मजल्यावरचा छापखाना

टेलिफोन खात्यात तारा जोडण्यात हयात गेली, तरी नानांचे हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. घरातली बिघडलेली वस्तू ते दुरुस्त करत आणि न बिघडलेली उगाच उघडून बघत. प्रिंटरला दुसऱ्या कुणाचा हात लागू नये म्हणून तो त्यांनी वरच्या मजल्यावर, आपल्या खोलीतच ठेवला होता.

खाली नानी शिवणकाम करत. त्यांना कपड्यांचे नमुने छापायचे असत, वकील सुनेला अर्ज. दोघी पेनड्राइव्ह घेऊन सतरा पायऱ्या चढत आणि नेमकी नानांची दुपारची झोप मोडत. नानींचे गुडघे कुरकुरत आणि नानी त्याहून जास्त.

एके दिवशी भंगारात निघालेला जुना कॉम्प्युटर नानांनी दारातूनच परत फिरवला.

"त्या खोक्याचं आता लोणचं घालणार का?" नानींनी विचारलं.

"प्रिंटर याला जोडतो. तुम्ही खालून, बसल्या जागी हुकूम सोडायचा. हा तो झेलणार आणि छापून काढणार. जिना चढायलाच नको!"

नानांनी खोकं उघडलं, रंगाच्या ब्रशने धूळ झाडली आणि तीनदा शिंकले. कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स हे फुकटातलं सॉफ्टवेअर त्यावर चढवताना ते पहिल्यांदा अडकलं, दुसऱ्यांदा रुसलं. तिसऱ्यांदा मात्र सुरळीत चढलं. चौथ्या दिवशी सुनेने खालून बटण दाबलं आणि वर प्रिंटर खडखडून जागा झाला. कागद बाहेर आला तसे नाना जिन्यातून ओरडले, "आलं गं, आलं!"

"छान! आता खाली आणता का?" सून म्हणाली.

नाना हसत हसत खाली गेले. कागद देऊन वर येतात तो नानींचा नमुना पडलेला. तो पोचवला, तर वर आणखी दोन अर्ज. चढायची कटकट गेल्यामुळे दोघींचे हात सैल सुटले होते. संध्याकाळपर्यंत नानांनी बावीस फेऱ्या घातल्या. शेवटच्या कागदावर नानींनी मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'येताना माझा चष्मा आणा.'

नानांचा पारा चढला. "मी काय तुमचा डाकवाला आहे?"

"नाही कसे? कधी नव्हे ते वेळेवर येताय!" नानी सुई ओवत म्हणाल्या.

सून हसू दाबत म्हणाली, "बाबा, मग प्रिंटरच खाली आणून ठेवू या ना."

प्रिंटर खालीच आणायचा होता, तर चार दिवस घाम कशाला गाळला, हा प्रश्न नानांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला. तो कुणी मोठ्याने विचारू नये म्हणून त्यांनीच घाईघाईने प्रिंटर उचलला. मागून सुनेने कॉम्प्युटर आणला.

"आता दोघींचे लॅपटॉप या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेले आहेत," नाना शिलाईच्या टेबलाशेजारी तार खोचत ठासून म्हणाले, "तेव्हा हा लागणारच."

"लागू दे की," नानी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या खोलीत शुकशुकाट होता. नाना या कुशीवरून त्या कुशीवर झाले, पण डोळा काही लागेना. अखेर उशी काखोटीला मारून ते खाली आले आणि शिलाईच्या खोलीतल्या आरामखुर्चीत रेलले. प्रिंटर खडखडायला लागला. नमुन्याचं दुसरं पान निघायच्या आत नाना घोरू लागले होते.