ओटीचं ताट

नवरा गेला त्या साली गावदेवीची पालखी आमच्या दारावरून न थांबता गेली. कोपरीत तशी रीतच आहे. मयताला वर्ष झालं नसेल त्या घरापुढे बेंजोवाले वाद्य बंद करतात आणि भोई पावलं उचलून पुढे निघतात. मी खिडकीतून बघत होते. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. शेजारपाजारच्या बायका मला धीराची म्हणत. धीर कसला डोंबलाचा! दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात, तसं सगळं अंग बधिर झालं होतं.

पुढच्या चैत्रात वर्ष उलटलेलं होतं. म्हणजे पालखी थांबणार, आणि देवीची ओटी भरायला घरात सवाष्ण हवी. लग्न होऊन या कोळ्यांच्या घरात आले तेव्हापासून ती ओटी मी भरत आले होते. सासू माझ्या लग्नाआधीच विधवा झालेली. आता दोघी सारख्याच.

"धाकलीला बोलव," सासू मासे साफ करता करता म्हणाली. धाकली म्हणजे माझी जाऊ, डोंबिवलीला राहते. मी फोन लावला. नोकरी करणारी, शिकलेली बाई मी. भांडायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. पण भांडायला आधी काहीतरी वाटावं लागतं.

जाऊ दुपारीच आली, नऊवारी पिशवीत घेऊन. तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मीच तिला कासोटा घालून दिला. मीच ताट लावलं: खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं, अबोलीची वेणी. मीच पढवलं, आधी भोयांच्या पायांवर पाणी घाल, मग हळदकुंकू, मग ओटी, आणि पालखीतला नारळ मिळेल तो पदरात घे, हातात नको. परीक्षेला निघालेल्या मुलीसारखी ती मान डोलवत होती.

दिवेलागणीला पालखी आली. जावेने पाणी घातलं, अर्धं स्वतःच्याच पायांवर. मी उंबऱ्याच्या आत उभी होते. हळदकुंकू झालं आणि एकदम ती वळली. ताट माझ्यापुढे धरून म्हणाली, "ताई, तुम्हीच भरा. कोण काय बोलणारे? मी आहे ना!"

पालखी थांबली होती. भोयांपैकी एकजण म्हणाला, "भर ना गं वहिनी, काय होतंय!" कुणी नाही म्हटलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण ऐकणाऱ्यांना वाटतं की गावाने मला अडवलं. गाव वाट बघत होतं. उंबरा ओलांडायचा आणि ताट घ्यायचं, एवढंच काम होतं. माझे हातच वर झाले नाहीत. लाज नाही, भीती नाही. कुणीतरी दुसऱ्याच बाईला बोलावतंय असं वाटत होतं.

"तू भर," मी म्हटलं आणि मागे फिरले.

दाराच्या आड, कपाटाच्या बाजूला, सासू उभी होती. इतक्या जत्रा झाल्या, पण पालखी आली की ही कुठे असते ते मी कधी पाहिलंच नव्हतं. माझी पाठ नेहमी घराकडे असायची. ती भिंतीला टेकून थोडी सरकली.

"ये गो. इथशी देवीचा तोंड बरा दिसतं."

मी तिच्या शेजारी उभी राहिले. खरंच दिसत होतं. बाहेर असताना माझं सगळं लक्ष ताटात आणि भोयांच्या पायांत. दाराच्या फटीतून मी देवीचा मुखवटा पहिल्यांदाच नीट बघितला. मोठे डोळे, नवी नथ, कपाळभर कुंकू. जाऊ ओटी भरत होती, आणि मला एकदम काहीतरी वाटलं. किती दिवसांनी!

"मला राग येतोय देवीचा," मी म्हटलं.

सासूने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"यायचाच. मना अजून येतो," ती म्हणाली आणि पालखी उठली तसे तिने हात जोडले.