अंगठा खाली

आमच्या ताईचा आवाज इतका बारीक, की घरात कुणाला हाक मारायची तरी ती आधी उठून त्याच्याजवळ जायची. तीच ताई पुढे अकरा वर्षं रॅकेटबॉलची रेफरी होती, हे आज सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही.

ती क्लबात काउंटरवर कामाला होती. टॉवेल द्यायचे, कोर्टाच्या वेळा वहीत लिहायच्या, कुणाचे राहिलेले मोजे सांभाळायचे. मी फ्रिज दुरुस्त करायचो आणि संध्याकाळी तिथेच खेळायला जायचो. कोर्ट चारी बाजूंनी बंद, मागची भिंत तेवढी काचेची; रॅकेटने बॉल पुढच्या भिंतीवर मारायचा. क्लबाची रीत अशी, की जो सामना हरेल त्याने पुढच्या सामन्याला रेफरी म्हणून बसायचं. हरलेला माणूस कसला बसतोय! तो घाम पुसत पुसत सटकायचा. मग कुणीतरी काउंटरकडे बघून म्हणायचं, ताई, जरा बसता का? ती काचेमागच्या उंच स्टुलावर जाऊन बसायची. तिचे निर्णय सहसा चुकत नसत, फक्त ते कुणाला ऐकू जात नसत.

तिने रेफरीच्या परीक्षेचा फॉर्म भरल्याचं मला नोटीस बोर्डावरच्या यादीतून कळलं. चाळिशी उलटल्यावर हे काय खूळ, असं मी विचारलं. ती म्हणाली, नाहीतरी बसतेच आहे, तर रीतसर बसते.

नियमांच्या पुस्तकाला तिने खाकी कव्हर घातलं. ती इस्त्री करायची आणि मी पुस्तक धरून प्रश्न विचारायचो. लेखी परीक्षेत दोनच उत्तरं चुकली. प्रत्यक्ष सामन्यात मात्र ती नापास झाली. परीक्षक बाई शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारख्या दिसायच्या. म्हणाल्या, "तुमचे निर्णय बरोबर आहेत, पण ते तुमच्यापाशीच राहतात."

दुसऱ्या दिवसापासून क्लब उघडायच्या अर्धा तास आधी आम्ही तिथे हजर. ती बाहेर स्टुलावर, मी आत पुढच्या भिंतीला पाठ लावून. तिने ओरडायचं आणि ऐकू आलं तर मी हात वर करायचा. पहिला आठवडा माझा हात खालीच. रिकाम्या कोर्टापुढे ओरडायची तिला लाज वाटायची. शेवटी मी आतून मोठ्याने तिच्या आमटीला नावं ठेवली. "मग उद्यापासून तूच कर स्वयंपाक," असा जो आवाज आला, त्याने माझा हात आपोआप वर गेला. त्यानंतर गाडी रुळावर आली.

सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा. दोन लाइन जज लागतात. एक आमच्या क्लबातला दातांचा डॉक्टर होता, दुसरा आयत्या वेळी आलाच नाही, म्हणून मला बसवलं. मी ताईचा भाऊ आहे हे परीक्षक बाईंना सांगितलं, पण दुसरं माणूसच नव्हतं. खेळाडूने निर्णयाविरुद्ध दाद मागितली की आम्ही खूण करायची. अंगठा वर म्हणजे निर्णय मान्य, खाली म्हणजे अमान्य, हात आडवा म्हणजे नीट दिसलं नाही. दोघांचे अंगठे खाली गेले तरच निर्णय फिरतो.

शेवटच्या, अकरा पॉइंटांच्या गेममध्ये दहा-दहा झाले होते. एकाने बॉल पुढच्या भिंतीच्या अगदी तळाशी मारला. ताई खणखणीत आवाजात म्हणाली, "स्किप." म्हणजे बॉल भिंतीच्या आधी जमिनीला लागला. खेळाडूने लगेच दाद मागितली. डॉक्टरांचा अंगठा खाली गेला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बॉल जमिनीला लागला नव्हता. मी स्पष्ट पाहिलं होतं. हात आडवा धरला असता तर कुणालाही काही कळलं नसतं. सहा महिन्यांच्या सगळ्या सकाळी डोळ्यांपुढून गेल्या. मी अंगठा खाली केला.

ताईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तितक्याच मोठ्या आवाजात ती म्हणाली, "निर्णय बदलला. शॉट बरोबर. पॉइंट आणि गेम."

मी मान खाली घालून बसलो. संध्याकाळी निकाल लागला, ताई पास. परीक्षक बाईंनी कागदावर लिहिलं होतं की आपली चूक जाहीर करतानाही यांचा आवाज खाली आला नाही.

घरी चालत येताना मी विचारलं, राग आला का गं? तिने आधी रस्ता ओलांडला.

"हात आडवा धरला असतास तर मला कळलं असतं," ती म्हणाली. "मग मी पुन्हा त्या स्टुलावर बसले नसते."

तो क्लब आता राहिला नाही. त्या कोर्टांमध्ये कुणाचा तरी माल ठेवलेला असतो. ताईचे गुडघे दुखतात, मीही जिना दमाने चढतो. रविवारी तिच्याकडे गेलो की आम्ही टीव्हीवर लागेल तो सामना बघतो आणि पंचांच्या आधी निर्णय देतो. आमचे निम्मे जुळत नाहीत. मग आतून माझ्या बायकोची हाक येते, की जेवायला या, ते पंच बघून घेतील.