पाहुणा, यजमान आणि वाटीभर दही

वडिलांचे आतेभाऊ आमच्या डोंबिवलीच्या घरी 'चार दिवसांसाठी' दिवाळीत आले आणि संक्रांत आली तरी होते. मुंबईच्या कॉलेजात ते फ्रेंच शिकवत. लॅटिनचं वेड निराळं, ते घरी शिकवत. माडीवरच्या आमच्या दोन खोल्यांपैकी आतली त्यांना दिलेली. मी मॅट्रिक झालेली मुलगी, स्वयंपाकघरात झोपायची.

त्यांचा लाडका लॅटिन शब्द 'होस्पेस'. "दादा, पाहुणाही तोच नि यजमानही तोच! फ्रेंच 'ओत', इटालियन 'ओस्पिते' अजून दोघांनाही चालतात. स्पॅनिश 'उएस्पेद' मात्र पाहुण्याकडे गेला आणि इंग्रजांनी 'होस्ट' यजमानाला दिला. हॉटेल, हॉस्टेल, हॉस्पिटल सगळी त्याचीच लेकरं. आपलं इस्पितळसुद्धा!"

"आणि भाजी कोण चिरायचं त्यांच्यात?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं. वडिलांना हे रोमन प्रकरण फार आवडायचं, त्यांनी ऐकलं नाही.

आईला मात्र ती खोली हवी होती. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. "पोरीला टेकायला भिंत नाही माझ्या घरात," असं म्हणताना तिचे डोळे भरून यायचे. मला काकांचा रागच यायचा. पण सांगणार कोण? पाहुण्याला 'जा' म्हणणं आमच्याकडे शिवीपेक्षा वाईट.

दर रविवारी चहा झाला की काका म्हणत, "दादा, आता निघावं म्हणतो." वडील सवयीनं म्हणत, "छे रे, एवढ्यात?" काका पुन्हा बसत.

एका सकाळी ते कॉलेजला निघाले, तर आई वाटी घेऊन दारात उभी. "भावोजी, हात पुढे करा." परीक्षेला, गावाला निघालेल्याच्या हातावर दही घालतात तसं तिनं घातलं. काकांनी ते खाल्लं आणि मग विचारलं, "मी कुठे निघालोय, वहिनी?"

"जागा बघायला. यश येईल."

वडिलांनी पेपरात तोंड खुपसलं.

संध्याकाळी काका परतले ते हसतच. "वहिनी, ठाण्याला नौपाड्यातली खोली महिन्यापूर्वीच ठरलीय."

"अगंबाई! मग इतके दिवस?"

"दादा 'एवढ्यात?' म्हणायचा. त्याचं मन कसं मोडणार? कुणीतरी निरोप देईल म्हणून वाट बघत होतो. ताईचं मला ठाऊक आहे हो. लाजच वाटायची."

आई पदर तोंडाला लावून हसली की रडली, मला कळलं नाही. माझा राग मात्र गेला.

दुसऱ्या दिवशी वळकटी बांधून झाली. पुस्तकांची ट्रंक दाराशी आली. काकांनी वाकून नमस्कार केला. "येतो, दादा."

वडिलांच्या तोंडून निघालंच, "छे रे, एवढ्यात?"

काकांचा हात ट्रंकेवरून सुटला. आई पुढे झाली, पदर खोचला, ट्रंक उचलली आणि जिना उतरू लागली.